मादलेनच्या गल्लीतलं दुकान : एका स्वतंत्र वाईन शॉपचं प्रकरण

१९७० साली पॅरिसमध्ये एक इंग्रज तरुण वाईनच्या पेट्या उचलून घरोघर पोचवत होता आणि त्याचा पगार घेत नव्हता. वय तिशीला टेकलेलं. पैशांची त्याला ददात नव्हती. घरच्या वाळू-खडीच्या धंद्यातला मोठा वाटा हाती आलेला होता. त्याला हवं होतं ते दुकान. नवऱ्याच्या माघारी ते चालवणारी मालकीण ते एका इंग्रजाच्या हाती सोपवायला तयार नव्हती. इंग्रजाला वाईनमधलं काय कळणार, हा तिचा सरळ सवाल. त्यावर त्याने अट घातली : सहा महिने मी तुमच्याकडे फुकट काम करतो, मग ठरवा. १ एप्रिल १९७१ रोजी दुकान त्याच्या नावावर झालं. त्याचं नाव स्टीव्हन स्पुरिअर आणि दुकानाचं नाव ‘काव्ह द ला मादलेन’.

पाच वर्षांनी, २४ मे १९७६ रोजी, याच दुकानाने भरवलेल्या एका टेस्टिंगमध्ये कॅलिफोर्नियाच्या वाईननी फ्रान्सच्या नामांकित वाईनना मागे टाकलं. ही गोष्ट वाईनच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. पण ती सांगितली जाते ती अमेरिकेच्या विजयाची म्हणून किंवा फ्रान्सच्या नाचक्कीची म्हणून. दुकान येतं ते दोन ओळींपुरतं. मला ती उलट्या बाजूने वाचायची आहे. माझ्या मते त्या दुपारी जे घडलं त्याचं मूळ गल्ल्यामागे उभं राहणाऱ्या माणसांच्या रोजच्या सवयीत होतं, आणि ज्या चुका झाल्या त्याही दुकानाच्या सवयी विसरल्यामुळे झाल्या.

हे प्रकरण मला पुन्हा उघडावंसं वाटलं त्याला कारण आहे नाशिकच्या एका वाईन शॉपमधला मुलगा. चोवीस वर्षांचा, तीन वर्षं काउंटरवर. एक दिवस तो मला म्हणाला, “ताई, गिऱ्हाईक विचारतं यातली चांगली कुठली. मी रोज या बाटल्या पुसतो, पण यातली एकही मी चाखलेली नाही. काय सांगू?” त्याच्याकडे मी पुन्हा येईन.

गल्ली आणि कुलूपवाल्याची खोली

पॅरिसच्या कॉन्कॉर्द चौकातून मादलेनच्या चर्चकडे जाणारा रस्ता म्हणजे रू रॉयाल. त्याला लागून सिते बेरिये नावाचा एक बोळ होता. दुकान तिथे, आत. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणार नाही असं. साखळी दुकानांच्या हिशेबाने जागा वाईटच म्हणायची. निकोला ही १८२२ पासूनची वाईनविक्रीची साखळी पॅरिसभर पसरलेली होती. भावात तिच्याशी टक्कर देणं एकट्या दुकानाला शक्यच नव्हतं.

स्पुरिअरने मग आजूबाजूला कोण राहतं आणि कोण काम करतं ते पाहिलं. कॉन्कॉर्द चौकात अमेरिकेची वकिलात, थोडं पलीकडे ब्रिटनची. बँका, वकिलांच्या कचेऱ्या, परदेशी कंपन्या. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसांना वाईन हवी असायची, पण फ्रेंच दुकानात जाऊन तोंड उघडायची त्यांना धास्ती वाटायची. ‘इंटरनॅशनल हेरल्ड ट्रिब्यून’ हे पॅरिसमधून निघणारं इंग्रजी वृत्तपत्र ही सगळी मंडळी वाचत. त्यात त्याने जाहिरात दिली. मजकुराचा मतलब एवढाच : तुमचा वाईनवाला इंग्रजी बोलतो.

धंद्याच्या भाषेत याला गिऱ्हाईक निवडणं म्हणतात, आणि बहुतेक अभ्यासक इथेच थांबतात. मला त्यापुढची पायरी महत्त्वाची वाटते. इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक दुकानात आलं, की प्रश्न विचारू लागलं. बोर्दो म्हणजे काय, बर्गंडी म्हणजे काय (हे फ्रान्सचे दोन नामांकित वाईनप्रदेश), ही महाग का, ती स्वस्त का. फ्रेंच माणूस असं विचारत नाही. वाईनचं बाळकडू आपल्याला मिळालेलंच आहे असं तो धरून चालतो. इंग्रज-अमेरिकनांना तसा काही अभिमान नव्हता. काउंटरवर उभ्याउभ्या उत्तरं देऊन हे भागेना.

शेजारी एका कुलूपवाल्याचं दुकान होतं. ते रिकामं झालं तेव्हा स्पुरिअरने घेतलं आणि १९७३ साली तिथे ‘आकादमी द्यु व्हँ’ ही शाळा सुरू केली. खाजगी म्हणावी अशी फ्रान्समधली ही पहिलीच वाईनची शाळा. बोर्दोच्या विद्यापीठात वाईनशास्त्र शिकवलं जाई, पण ते वाईन करणाऱ्यांसाठी. पिणाऱ्याला शिकवावं असं त्या देशात कुणाला सुचलं नव्हतं. सोबतीला जॉन विनरॉथ होता, हेरल्ड ट्रिब्यूनमध्ये वाईनवर लिहिणारा अमेरिकन. आणि शाळेचा रोजचा कारभार पाहायला पॅट्रिशिया गॅलाघर ही तरुण अमेरिकन बाई होती.

शिकवायचे ते अगदी हाताने करायचं काम. पेला देठाला धरायचा, उजेडात रंग पाहायचा, हलकेच फिरवून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि मग जे वाटलं ते लिहून काढायचं. लेबल नंतर. या शाळेतून शेकडो माणसं गेली आणि त्यातली कितीतरी शेजारच्या दुकानात जाऊन बाटली घेऊन घरी गेली. शिकलेलं गिऱ्हाईक महाग वाईन घेतं असं नाही, पण परत येतं. साखळी दुकानाला जे भावाने साधत होतं ते या दुकानाने ज्ञानाने साधलं, असं म्हटलं तर चुकणार नाही. दुकानाचा खरा माल हा होता.

कल्पना कोणाची

१९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं दोनशेवं वर्ष. त्या निमित्ताने कॅलिफोर्नियाच्या वाईन पॅरिसमधल्या जाणकारांसमोर ठेवाव्यात, ही कल्पना स्पुरिअरची नव्हती. ती पॅट्रिशिया गॅलाघरची. कॅलिफोर्नियातून अधूनमधून कुणीतरी बाटल्या घेऊन दुकानात यायचं, चाखायला द्यायचं. त्यातल्या काही तिला आणि स्पुरिअरला अनपेक्षित चांगल्या वाटल्या होत्या. १९७५ च्या उन्हाळ्यात ती सुटीवर कॅलिफोर्नियाला गेली. सॅन फ्रान्सिस्कोत वाईनवरचं पत्रक काढणारे रॉबर्ट फिनिगन यांनी तिला कुठल्या वायनरी पाहाव्यात ते सांगितलं. मोठ्या कारखान्यांची नावं त्या यादीत नव्हती. होते ते गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले छोटे लोक. ती परतली ती खात्री घेऊनच. पुढच्या वसंतात स्पुरिअर स्वतः गेला आणि बारा वाईन निवडून आला : सहा शार्डने (पांढऱ्या), सहा कॅबर्ने सोव्हिन्यॉं (लाल).

हे छोटे लोक कोण होते ते थोडं सांगायला हवं. वॉरन विनियार्स्की शिकागोच्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचा. ते सोडून कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात आला आणि स्टॅग्ज लीप वाईन सेलर्स उभी केली. जी १९७३ ची कॅबर्ने पॅरिसला गेली, तिच्या वेली १९७० साली लावलेल्या होत्या. तीन वर्षांची बाग! आपल्याकडे द्राक्षबागायतदाराला विचारा, तो म्हणेल आत्ता कुठे बाग धरतेय. शातो मॉन्टेलेनाची शार्डने करणारा माइक गर्गिच क्रोएशियातला, १९५८ मध्ये नापाला पोचलेला. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीने कॅलिफोर्नियातला हा धंदा जवळजवळ झोपवला होता. १८८२ साली सुरू झालेल्या मॉन्टेलेनाची जुनी दगडी इमारतही नव्या मालकांनी सत्तरच्या दशकात पुन्हा चालू केली.

आता बाटल्या पॅरिसला आणायच्या कशा? एवढा छोटा माल रीतसर मागवायचा तर कागदपत्रांत वेळ गेला असता, आणि प्रवासात वाईन हिंदकळली तर चव बसायला दिवस लागतात. त्याच सुमारास जोआन डिकन्सन या बाईने कॅलिफोर्नियातल्या वाईनवाल्यांची एक सहल फ्रान्सला नेली होती. त्यांचे बुजुर्ग गुरू आंद्रे चेलिश्चेफ त्यात होते, मॉन्टेलेनाचा जिम बॅरेटही होता. त्यांच्या सामानासोबत विमानातून बाटल्या आल्या. एक फुटली. बाकी पोचल्या. फ्रान्सच्या बाजूने चार पांढऱ्या बर्गंडी आणि चार लाल बोर्दो स्पुरिअरने निवडल्या. त्यात १९७० ची मूताँ रॉथशिल्ड होती. १८५५ मध्ये ठरलेल्या बोर्दोच्या प्रतवारीत वरच्या वर्गात बढती मिळालेली ती एकच शातो (म्हणजे वाईन करणारी जहागीर), आणि तीही १९७३ साली, म्हणजे टेस्टिंगच्या अवघी तीन वर्षं आधी.

२४ मे, दुपार

जागा : हॉटेल इंटरकॉन्टिनेन्टल, दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नऊ परीक्षक, सगळे फ्रान्सच्या वाईनविश्वातले. बर्गंडीतल्या रोमाने-काँती वायनरीचे ओबेर द व्हिलेन, शातो जिस्कूरचे मालक पिएर तारी, सरकारी प्रमाणन संस्थेचे वरिष्ठ अधिकारी पिएर ब्रेजू, ‘ग्राँ व्हेफूर’ रेस्तराँचे शेफ रेमाँ ऑलिव्हर, ‘तायव्हाँ’ रेस्तराँचे जाँ-क्लोद व्रिना, ‘तूर दार्जाँ’ रेस्तराँचे मुख्य सॉमेलिये (म्हणजे वाईन निवडून देणारे जाणकार) क्रिस्तियाँ व्हानके, वाईन शिकवणारे मिशेल दोव्हाझ, खाद्यसमीक्षेच्या ‘गो-मियो’चे क्लोद दुब्वा-मियो आणि ‘रेव्ह्यू द्यु व्हँ द फ्रान्स’च्या संपादक ओदेत कान. एवढी मंडळी एका बोळातल्या दुकानदाराच्या शब्दावर आली, यावरून पाच वर्षांत त्याने काय पत कमावली होती ते कळतं. मानधन नव्हतं.

त्यांना बोलावलं होतं कॅलिफोर्नियाच्या वाईन चाखायला. मध्ये फ्रेंच वाईनही ठेवल्या आहेत आणि लेबलं झाकलेली असतील, हे त्यांना तिथे पोचल्यावर सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही. वाईन साध्या बाटल्यांत ओतलेल्या होत्या. २० पैकी गुण द्यायचे : रंग, वास, चव आणि एकूण तोल पाहून.

वार्ताहर आला तो एकच. ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. बाकीच्यांना यात बातमी दिसली नव्हती. फ्रान्स जिंकणार हे ठरलेलंच. टेबर का आला, तर तो आकादमी द्यु व्हँचा विद्यार्थी होता आणि पॅट्रिशियाने त्याला बोलावलं होतं. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात बोलका धागा वाटतो. शाळा नसती तर टेबर नसता, टेबर नसता तर ही दुपार नऊ माणसांच्या खाजगी आठवणीत विरून गेली असती. त्याच्या हातात वाईनचा क्रम लिहिलेला कागद होता, त्यामुळे कोण काय पितंय ते परीक्षकांना ठाऊक नसताना त्याला ठाऊक होतं. नापा खोऱ्यातली १९७२ ची शार्डने पिऊन रेमाँ ऑलिव्हर खुशीत म्हणाले, आता फ्रान्सला परतलो! दुसरे एक परीक्षक एका पेल्यावर म्हणाले, ही नक्की कॅलिफोर्नियाची, हिला वासच नाही. पेल्यात होती १९७३ ची बातार-माँराशे, बर्गंडीतली एक दिग्गज.

पांढऱ्यांत शातो मॉन्टेलेना १९७३ पहिली आली, नऊ परीक्षकांचे मिळून १३२ गुण. दुसरी बर्गंडीतली रूलोची मेर्सो शार्म, १२६.५. तिसरी आणि चौथी पुन्हा कॅलिफोर्नियाच्याच. लाल वाईनमध्ये स्टॅग्ज लीप १२७.५, मूताँ रॉथशिल्ड १२६. फरक दीड गुणाचा, तोही नऊ जणांच्या बेरजेत.

निकाल ऐकून ओदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्पुरिअरने दिली नाही.

चुका कुठे झाल्या

आता दुकानदाराच्या नजरेने पाहू, कारण यश मोठं असलं की चुका झाकल्या जातात आणि शिकणाऱ्याचं नुकसान होतं.

सर्वात मोठी चूक मधल्या वेळेत झाली. पांढऱ्या वाईन झाल्या. हॉटेलचे लोक पेले उचलून पुढची मांडामांड करायला वेळ लावत होते. खोली ठरावीक वेळेत रिकामी करून द्यायची होती. तो वेळ भरून काढायला स्पुरिअरने पांढऱ्यांचा निकाल तिथेच जाहीर केला. कॅलिफोर्निया पहिली आलेली ऐकून परीक्षक हादरले, आणि त्याच मनःस्थितीत ते लाल वाईनकडे वळले. आता प्रत्येक पेल्यात ते कॅलिफोर्निया हुडकू लागले. लाल वाईनच्या गुणांत काही ठिकाणी एवढी तफावत दिसते की काहींनी जाणून कॅलिफोर्नियाच्या वाटणाऱ्या वाईन खाली ओढल्या असाव्यात, ही शंका तेव्हापासून घेतली जाते. स्पुरिअरनेही पुढे हे मान्य केलं. लेबल झाकून चाखण्याचा पहिलाच नियम असा की चाखणाऱ्याच्या डोक्यात काही शिरू द्यायचं नाही. शाळेत तो रोज शिकवला जात होता. घाईच्या दुपारी, शाळा चालवणाऱ्यांकडूनच, तो मोडला.

दुसरी गोष्ट बेरजेची. नऊ जणांचे गुण मिळवले आणि जास्त बेरीज तो पहिला. एखाद्याचा हात सढळ, एखाद्याचा आखडता. साध्या बेरजेत ज्याच्या गुणांचा पल्ला मोठा त्याचं वजन आपोआप जास्त पडतं. प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ले अ‍ॅशेनफेल्टर आणि रिचर्ड क्वान्ट यांनी पुढे याच गुणपत्रिका क्रमवारीच्या पद्धतीने तपासल्या. स्टॅग्ज लीप तरीही वरच राहिली, पण बऱ्याच वाईनमधला फरक फार पुसट निघाला. शिवाय कॅलिफोर्नियाच्या सहा आणि फ्रान्सच्या चार, हे प्रमाणही विषमच. आणि सहा वर्षांची बोर्दो म्हणजे अजून मिटलेली कळी, असा फ्रान्सचा आक्षेप. तो मात्र टिकला नाही. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये त्याच लाल वाईन पुन्हा चाखल्या तेव्हा कॅलिफोर्नियाची क्लो द्यु व्हाल पहिली आली. तीस वर्षांनी, २००६ साली, लंडन आणि नापा दोन्हीकडे एकाच दिवशी टेस्टिंग झालं. पहिल्या पाच जागा कॅलिफोर्नियाच्या आणि पहिली रिज माँटे बेलो १९७१.

मी जर या दुकानाची सल्लागार असते तर एवढंच म्हटलं असतं : निकाल शेवटपर्यंत खिशात ठेवा. बाकी सगळं त्यांनी बरोबर केलं होतं.

आणि गुणपत्रिका परत न देणं हे तर सर्वात बरोबर. त्या क्षणी समोर फ्रान्समधल्या सर्वात वजनदार वाईन-नियतकालिकाची संपादक उभी आहे, आपलं दुकान तिच्या देशात आहे, आपला माल तिच्या देशातल्या शेतकऱ्यांकडून येतो. कागद देऊन टाकला असता तर संध्याकाळी वाद मिटला असता. न देण्याची किंमत दुकानाने पुढे भरली. काही नामांकित तळघरांची दारं स्पुरिअरला बंद झाली, आणि फ्रेंच वर्तमानपत्रांनी आधी महिनोन् महिने या विषयाकडे पाठ फिरवली. ‘टाइम’मधली टेबरची छोटीशी बातमी ७ जून १९७६ च्या अंकात आली होती, अमेरिकेत दुकानादुकानांतून त्या दोन वाईन हातोहात संपल्या.

नाव कुणाचं राहिलं

त्या टेबलापाशी पेले घेऊन बसलेली माणसं अकरा होती. नऊ परीक्षक, आणि सोबत स्पुरिअर व पॅट्रिशिया गॅलाघर. दोघांनीही गुण दिले, पण ते निकालात धरले नाहीत. यजमानाने स्वतःचे गुण बाजूला ठेवणं योग्यच. मला खटकतं ते नंतरचं. प्रकरण गाजलं तसं ते स्पुरिअरचं झालं. कल्पना जिची, कॅलिफोर्नियात आधी जाऊन छोट्या वायनरी जिने पाहिल्या, टेबरला जिने बोलावलं, ती बाई बहुतेक कहाण्यांत मदतनीस म्हणून एका वाक्यात येते. टेबरने पुढे या दिवसावर पुस्तक लिहिलं तेव्हा तिचा वाटा नीट नोंदला, हे बरं झालं. पुढे ती पॅरिसच्या ‘ल कॉर्दों ब्ल्यू’ या पाककलेच्या शाळेत शिकवत आणि तिथला अभ्यासक्रम सांभाळत राहिली.

स्वतंत्र दुकानांत हे सगळीकडे होतं. पाटीवर मालकाचं नाव असतं आणि गिऱ्हाइकाला खरी ओळख असते ती काउंटरमागच्या माणसाची. मालकाने ते जाणलं तर दुकान टिकतं. स्पुरिअर माणसांच्या बाबतीत उदार होता असं त्याच्याकडे काम केलेल्यांचं बोलणं आहे. त्या बोळातच त्याने रेस्तराँ आणि वाईन बार काढले. तिथे स्वयंपाक केलेला मार्क विल्यमसन १९८० मध्ये पॅरिसमध्ये स्वतःचा ‘विलीज वाईन बार’ उघडून बसला. माणसं घडवण्याची त्याची हातोटी मोठी होती, पैसा सांभाळण्याची नव्हती. एकामागून एक काढलेल्या उद्योगांत वारशाचा पैसा वितळत गेला आणि १९८८ साली दुकान विकून तो इंग्लंडला परतला. पुढे लिहिणं, शिकवणं, ‘डिकँटर’ मासिकाचं काम. ९ मार्च २०२१ रोजी तो गेला. सिते बेरियेचा बोळही तसा उरला नाही; नूतनीकरणानंतर त्याला व्हिलाज रॉयाल म्हणतात आणि तिथे महागड्या वस्तूंची चकचकीत दुकानं आहेत. मॉन्टेलेना आणि स्टॅग्ज लीपच्या १९७३ च्या बाटल्या वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. आकादमीच्या नावाची टोकियोतली शाळा, १९८७ ची, अजून चालू आहे.

विंचूरपासून काउंटरपर्यंत

आमच्याकडे हे प्रकरण का सांगायचं, याचा धागा नापातूनच येतो. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला शिकून, तिथेच नोकरी करून परतलेल्या राजीव सामंतांनी १९९९ मध्ये नाशिकजवळ सुला ही वायनरी सुरू केली तेव्हा वाईन कशी करायची ते सांगायला कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की आले. सोव्हिन्यॉं ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षवेली इथे रुजल्या. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं. त्याआधी ऐंशीच्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी इंडेजची फसफसणारी वाईन काढून दाखवली होतीच.

वाईन करायला आपण शिकलो. बागेत, टाकीपाशी, प्रयोगशाळेत माणसं तयार झाली. मधली कडी मात्र कच्ची राहिली. महाराष्ट्रात ज्याला आपण ‘वाईन शॉप’ म्हणतो तिथे वाईन एका कोपऱ्यातल्या फळीवर असते, बाकी सगळी व्हिस्की, रम आणि बिअर. जाळीबाहेर उभं राहायचं, नाव सांगायचं, काळ्या पिशवीत बाटली घ्यायची आणि मान खाली घालून निघायचं. दुकानाचा परवाना सीलबंद बाटली विकायचा. तिथे बाटली उघडून चाखवता येत नाही. चाखायची तर वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये जायचं. फळीवरची बाटली उन्हात उभी, बूच कोरडं पडत असलेलं, आणि काउंटरवरच्या मुलाला ते कुणी कधी सांगितलेलं नाही. यात त्या मुलाचा काय दोष?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण दुकानातल्या माणसाने माल ओळखावा याला कायद्याची आडकाठी नाही. पॅरिसच्या त्या दुकानानेही सुरुवात शाळेपासून केली नव्हती. मालक आधी स्वतः पेट्या वाहायला शिकला आणि दुकानातल्यांनी फळीवरचा माल चाखला.

म्हणून त्या मुलाला मी सुटीच्या दिवशी घरी बोलावलं, त्याच्या दुकानातल्या आणखी दोघांना घेऊन. त्यांच्याच फळीवरच्या चार बाटल्या विकत आणल्या होत्या, सगळ्या नाशिक जिल्ह्यातल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्याने बांधल्या, वर १ ते ४ आकडे टाकले. पेले काचेचे साधेच. थुंकायला तपेली. पहिल्या वाईनला तिघंही गप्प. गूसबेरी, लिची असले शब्द मुलांनी कंपनीच्या पत्रकात वाचले होते, त्यातलं काही पेल्यात सापडेना. मी म्हटलं, पत्रक विसरा, घरात-बाजारात ज्याचा वास घेतलाय तेच सांगा. मग सुरू झालं. एकाला कैरी आली. दुसऱ्याला पावसाळ्यातलं गवत. लाल वाईनला जांभूळ, आणि जरा वेळाने, चाचरत, “आजीच्या कपाटातली लवंग.”

निकाल मी सगळे पेले संपेपर्यंत सांगितला नाही.

त्या मुलाने सर्वात जास्त गुण दिले ते ३ नंबरला. कागद काढला तर शेनँ ब्लाँ, चौघींत सर्वात स्वस्त. ही बाटली तो तीन वर्षं पुसत होता. दुसऱ्या आठवड्यात मी दुकानावरून गेले तेव्हा ती बाटली उन्हातल्या फळीवरून खाली, सावलीत आडवी ठेवलेली होती आणि गळ्याला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधलेला. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं : ‘पिकल्या पेरूचा वास. गार करून घ्या. भज्यांबरोबर छान.’